दुसऱ्याचं पाकीट

सकाळी आठला मास्तरीण दारात उभी राहिली आणि म्हणाली, "भाऊ, माझं पाकीट द्या." बाकी काही नाही. केस ओले, गळ्यात शिट्टी तशीच, अंगाला पोहण्याच्या तलावातल्या औषधाचा वास. म्हणजे पहिली बॅच शिकवून थेट इकडेच आलेली. पाकीट म्हणजे सिगारेटचं. तिचंच, पण शंभर दिवस माझ्या कपाटात ठेवायला दिलेलं. का हवंय, हे मला विचारता येत नव्हतं. आमचा तसा नियम आहे, आणि नियम ठरला तेव्हा सगळ्यांत जोरात मान मीच हलवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बसा म्हणालो. ती खिडकीजवळच्या खुर्चीच्या कडेवर बसली, दवाखान्यात आपला नंबर लागायची वाट बघत माणसं बसतात तशी. मी पाकीट आणायला आत गेलो. बाहेरच्या खोलीतून आतल्या कपाटापर्यंत आमच्याकडे नऊ पावलं आहेत, कपाट उघडायला फार तर अर्धा मिनिट. पण त्या सकाळी मला तिथून परत यायला चांगलाच वेळ लागला, आणि तो कशात गेला हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही.

सिगारेट सोडणारे आम्ही आता चार उरलोय. सुरुवातीला अकरा होतो. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला दवाखान्याच्या मागच्या खोलीत जमतो. तिथे वजनाचा काटा आहे, भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता आहे आणि एका पायाने लंगडणारं बाक आहे. किल्ली कंपाउंडरकडे असते, म्हणून पुढारीपण त्याच्याकडे. हा गृहस्थ वीस वर्षं खोकल्याच्या बाटल्या भरून द्यायचा आणि दोन पेशंटच्या मध्ये मागच्या दारात जाऊन झुरके मारायचा. लोका सांगे ब्रह्मज्ञान. नावं सांगायची नाहीत ही अक्कल त्याचीच. नाव सांगितलं की माणूस घरचा होतो, आणि घरच्यांशी खोटं बोलायची आपल्याला सवय असते, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो कंपाउंडर, ती मास्तरीण, बस चालवणारा तो ड्रायव्हर, आणि मी लिफ्टवाला, कारण सत्तावीस वर्षं मी लिफ्टा दुरुस्त करतोय. (आमच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. तीन जिने चढून यावं लागतं. दिव्याखाली अंधार, हे सगळे पाहुणे म्हणून झालेले आहेत, तेव्हा तुम्ही म्हणायची गरज नाही.)

पाकिटांची कल्पनाही कंपाउंडरचीच. पहिल्या गुरुवारी प्रत्येकाने आपल्या ब्रँडचं एक न फोडलेलं, सीलबंद पाकीट टेबलावर ठेवायचं आणि दुसऱ्या कुणीतरी ते घरी न्यायचं. अगदीच सहन झालं नाही तर दुकानात जायचं नाही. ज्याच्याकडे आपलं पाकीट आहे त्याच्याकडे जायचं आणि मागायचं. त्याने नाही म्हणायचं नाही, का म्हणून विचारायचं नाही, उपदेश तर मुळीच करायचा नाही. फक्त आधी एक पेला पाणी समोर ठेवायचं आणि ते पिऊन होईपर्यंत समोर बसायचं. पाणी संपल्यावरही माणसाला पाकीट हवंच असेल तर हातात द्यायचं. अकरातल्या सातांनी पाणी पिऊन पाकीट नेलं. एक जण तर उभ्याउभ्याच घटाघटा प्यायला, म्हणाला, झालं, आणा. ते पुन्हा आले नाहीत. माझं पाकीट ड्रायव्हरकडे होतं आणि मास्तरणीचं माझ्याकडे आलं. लांब, बारीक सिगारेटी, पांढरं पाकीट. मी बायकोसमोर कपाटात, जुन्या पावत्यांच्या डब्यामागे ठेवलं. ठेवणाऱ्याने दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही, असा नियम मात्र कुणी केला नव्हता. कुणाला तो सुचलाच नाही.

रोज सकाळी सहाच्या आत फोनवरच्या ग्रुपवर प्रत्येकाने आपला आकडा पाठवायचा. नुसता आकडा. आज कितवा दिवस. मी त्याच गुरुवारी रात्रीपासून सोडली, मास्तरीण म्हणाली मला आणखी एक दिवस द्या, म्हणून ती कायम माझ्या एक दिवस मागे. ड्रायव्हर आठवडाभर उशिरा लागला. एकदा, विसाव्या-बाविसाव्या दिवशी, सगळे उठून गेल्यावर तिने मला जिन्यात थांबवलं. म्हणाली, तुम्ही काल जिथे होतात तिथे मी आज असते. म्हणजे पुढे रस्ता आहे, एवढं कळतं. मी काहीतरी हं हं केलं. पण खरं सांगतो, तीन जिने चढून घरी आलो तेव्हा मला धाप लागली नव्हती. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कुणी माझ्याकडे बघून काही केलं नव्हतं. लिफ्ट चालू असली की लिफ्टवाल्याची आठवण कुणाला येते? बंद पडली की शिव्या घालायला येते, तेवढीच. आणि इथे एक शहाणी बाई, जी शेकडो लोकांना पाण्यात तरंगायला शिकवते, ती रोज पहाटे फोन उघडून माझा आकडा बघते. मला ते भलतंच आवडलं. तिथेच घात झाला.

आता मशीन रूमबद्दल सांगायला हवं. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर, शेवटच्या मजल्याच्याही वर, एक लहान खोली असते. तिथे मोटर, दोर, ब्रेक. उन्हाळ्यात भट्टी. दुनियेचा आवाज तिथे येत नाही, साहेब तिथे येत नाही, जिना उभा असतो म्हणून रहिवासी तर स्वप्नातही येत नाहीत. तपासणी झाली की उलट्या डब्यावर बसून एक सिगारेट, हे माझं सत्तावीस वर्षांचं. ऑइलचा वास आणि धुराचा वास मला वेगळे करता यायचे नाहीत. लग्न ठरलं तेव्हा मी तिथे ओढली, मुलगी झाली तेव्हा ओढली, वडील गेल्याचा फोन आला तोही मी एका मशीन रूममध्येच घेतला आणि मग खाली उतरण्याआधी दोन ओढल्या. सोडल्यावर घरात त्रास झाला नाही, रस्त्यावर नाही, जेवणानंतर थोडा. पण मशीन रूमचं लोखंडी दार उघडलं की आत कुणीतरी आपलं जवळचं बसलंय असं वाटायचं आणि तोंडाला पाणी सुटायचं. तिसाव्या दिवसाच्या सुमाराला मी वर जाणं टाळायला लागलो. केबिन तपासायची, दारं तपासायची, बटणं दाबायची, आणि वरचं काय, गेल्या महिन्यात तर बघितलंय. स्लिपवर मात्र पूर्ण लिहायचं. ब्रेक तपासला. दोर तपासले. मशीन रूम स्वच्छ. ठीक. खाली सही.

सिगारेट टाळायला गेलो आणि ब्रेक गमावून बसलो. सदतिसाव्या दिवशी मी एका नऊ मजली इमारतीच्या स्लिपवर ठीक लिहिलं, आणि अडतिसाव्या दिवशी सकाळी तिथली लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबता थांबता घसरली. फार नाही, हातभर. मग सुरक्षेच्या पकडीने तिला धरून ठेवलं, ती तिच्या कामाला चोख असते. आत एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा कुत्रा. चाळीस मिनिटं. मी पोचलो तेव्हा कुत्रा भुंकून भुंकून घोगरा झाला होता आणि म्हातारे त्याला समजावत होते, आलेत हं, माणसं आलीयेत. दार उघडून मी हात दिला. त्यांचा तळवा थंडगार होता. बाहेर आल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला, आभार मानले आणि कुत्र्याने गोंधळ घातला म्हणून माझी माफी मागितली. माझी माफी! मग मी वर गेलो. ब्रेक लायनर, चाकाला घट्ट धरणारं अस्तर, झिजून कागदासारखं झालं होतं. डोळे मिटून हात लावला असता तरी कळलं असतं. मी नवं लायनर बसवलं, साहेबाला सांगितलं की लायनर अचानक गेलं. तो म्हणाला, होतं असं.

घरी आलो तेव्हा बायको बाहेर गेली होती. ड्रायव्हरला फोन लावला, कारण माझं पाकीट त्याच्याकडे. त्याची बस शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणाला तीन तासांनी ये, पाणी भरून ठेवतो. तीन तास म्हणजे मला तेव्हा तीन जन्म वाटले. खाली दुकान होतं, तिथे जाता आलं असतं. पण दुकानात जायचं नाही हा नियम मी पाळला, बघा. नियमाचा मी पक्का. मी पावत्यांच्या डब्यामागे हात घातला. पाकीट खालच्या बाजूने ब्लेडने अलगद उघडलं, एक काढली आणि गच्चीत जाऊन ओढली. बारीक, गुळमुळीत सिगारेट, माझ्या तोंडाला तिची चवही लागली नाही. चार झुरक्यांत संपली आणि मला काही म्हणजे काही वाटलं नाही. मग कारागिरी सुरू झाली. एक कमी झाली की बाकीच्या आत हलतात, म्हणून खिशातली स्लिपची कार्बन प्रत काढली, नेमक्या जाडीची सुरळी केली आणि त्या जागेवर सरकवली. वरचा पारदर्शक कागद पुन्हा दुमडून, वर रुमाल ठेवून बायकोच्या इस्त्रीने चिकटवला. हलवून पाहिलं. आवाज नाही. ब्रेक लायनरला एवढं मन लावून हात घातला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आकडा पाठवला, एकोणचाळीस.

आठवड्याभराने कंपाउंडर गुरुवारी उभा राहिला आणि म्हणाला, काल मी एक ओढली, कुणाच्या पाकिटातली नाही, पेशंटची मागून. आजपासून माझा एक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ती वेळ होती. दोन वाक्यं, फार तर तीन. पण मास्तरीण माझ्याकडे बघून हसली, म्हणजे आपण तरी टिकलोय अशा अर्थाने, आणि मी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्यानंतर कुणी पाकीट हा शब्द काढला की चोराच्या मनात चांदणं. आकडा रोज वाढत गेला. नाकापेक्षा मोती जड झाला. आणि काल शंभर. काल संध्याकाळी मुद्दाम जमले सगळे. ड्रायव्हरने सगळ्यांसाठी चहा आणला, कंपाउंडरने मला वजनाच्या काट्यावर उभं करून सांगितलं की हा मनुष्य चार किलोने वाढलाय आणि ही शोभेची चरबी आहे. मास्तरीण म्हणाली, उद्या माझे शंभर, कारण आज तुमचे झाले. रात्री मला नीट झोप लागली, हे विशेष. पण सकाळी पावणेसहाला फोन हातात घेऊन एकशे एक लिहिलं आणि बोट पुढे सरकेना. पुसलं. परत लिहिलं. परत पुसलं. सहा वाजून गेले. म्हटलं, एक दिवस आकडा गेला नाही तर कुणाचं काय अडतंय.

हे सगळं मी कपाटासमोर उभा राहून आठवत होतो असं नाही, पण हात डब्यामागे गेला तेव्हा सगळं तिथेच होतं. पाकीट सापडलं. बघितलं तर जसंच्या तसं, कुणाला शंका यायची नाही. एक विचार असाही आला की देऊन टाकावं. ती बाहेर नेईल, फोडेल, सुरळी बघेल, तेव्हा मी समोर नसेन. फार तर ती कारखान्याला नावं ठेवेल. मागे बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिने पेला माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही. अगदी हळू आवाजात म्हणाली, "इस्त्रीला चिकटलेलं पाकिटाचं प्लास्टिक मी सुरीने खरवडून काढलं होतं. माझ्या उशीच्या अभ्र्याला डाग पडला त्याचा."

दोन महिने ही बाई माझ्याबरोबर जेवत होती, टीव्ही बघत होती, काल तर शंभराव्या दिवसाचं म्हणून तिने मला नवा शर्ट घालायला लावला होता. मी विचारलं, बोलली का नाहीस. ती म्हणाली, तुमचाच नियम ना, विचारायचं नाही. मग पेला सोडला. "सांगून टाका तिला. मी बाहेर येत नाही."

बाहेर मास्तरीण तशीच बसली होती. मी पेला तिच्यासमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत बसलो, पाकीट माझ्या मांडीवर. ती सावकाश प्यायला लागली. पाणी पिताना तिने डोळे मिटले होते. मी तिचा गळा हलताना बघत होतो आणि पेल्यातली पातळी बघत होतो. अर्ध्यावर आली तेव्हा ती स्वतःच बोलली. पाण्यात उतरायच्या आधी फोन बघितला, तुमचा आकडा नव्हता. म्हटलं उशीर झाला असेल. बॅच संपल्यावर परत बघितला. नव्हता. मग म्हटलं, भाऊंनी ओढली. शंभर झाल्यावर ओढली, म्हणजे शंभराच्या पुढे काही नसतंच. मग मी तरी कशासाठी. ती हे रडत-बिडत नव्हती सांगत, भाजी महाग झाली म्हणून सांगावं तसं सांगत होती. त्यामुळेच मला जास्त लागलं. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर वर केलं. पेल्यात तीनेक घोट उरले होते आणि ते संपले की नियमाप्रमाणे मला पाकीट द्यावं लागणार होतं.

"यात एकोणीसच आहेत," मी म्हणालो.

तिने पेला खाली ठेवला. सीलबंद होतं ना, असं विचारलं. मी म्हटलं, खालून फोडलंय, मीच. तिने हात पुढे केला. मी पाकीट दिलं. तिने ते उलटं केलं आणि दुमडीवरून नखाने रेघ ओढली, कापडाची शिवण तपासावी तशी. छान चिकटवलंय, म्हणाली. त्यापेक्षा तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग तिने वरून सील फोडलं, एकेक सिगारेट बोटाने सरकवत सुरळीपाशी आली, ती बाहेर ओढली, उलगडली आणि मांडीवर सपाट केली. ती वाचायला लागेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की त्यावर काय आहे. मी तिथे कागद म्हणून घातला होता.

तिने मोठ्याने वाचलं. ब्रेक तपासला, दोर तपासले, मशीन रूम स्वच्छ, ठीक. हे काय, म्हणून विचारलं. मग मी सांगितलं. मशीन रूमचं सांगितलं, डब्यावर बसायचं सांगितलं, वर न जाता केलेली सही सांगितली, म्हातारे, कुत्रा, त्यांचा थंड हात, सगळं. बोलताना माझा आवाज मला अनोळखी वाटत होता. सांगून झाल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही. भीती वाटली. ही उठेल, पाकीट घेऊन जिना उतरेल, खालीच पेटवेल, आणि ते माझ्यामुळे असेल. कारण माझं काहीही झालं तरी मी चोपन्न वर्षांचा आहे, मेलो तर खोकत मरेन. हिला पाण्याखाली श्वास पुरवायचा असतो.

"म्हणजे मी दोन महिने खोट्याच्या मागे चालत होते," ती म्हणाली.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ती खिडकीबाहेर बघायला लागली. समोरच्या गच्चीत एक बाई चादर वाळत घालत होती, ती घालून झाली, ती आत गेली. मास्तरणीच्या केसांतून पाण्याचा थेंब खुर्चीच्या दांड्यावर पडला, तो तिने अंगठ्याने पुसला. मग माझ्याकडे न बघताच विचारलं की खरा आकडा किती. मी म्हणालो, त्रेसष्ट. तेव्हा तिने मान वळवली.

"लगेच सांगितलंत."

"रोज मोजत होतो. दोन्ही."

तिने माझ्या फोनकडे बोट केलं. मी फोन घेतला. आमच्या त्या ग्रुपवर काल रात्रीची अभिनंदनं होती, कंपाउंडरने फुलांचा गुच्छ पाठवलेला होता. त्याच्या खाली मी ६३ लिहिलं. या वेळी बोट अडलं नाही असं म्हणणार नाही, अडलं, पण ती समोर बसली होती. पाठवलं. तिच्या पिशवीत तिचा फोन वाजला. अर्ध्या मिनिटात ड्रायव्हरने विचारलं की एक शून्य पडलं की काय कुठे. हे गाढव शून्य कुठे घालणार होतं कोण जाणे. मग मास्तरणीने पिशवीतून फोन काढला, शिट्टीची दोरी मागे सारली आणि काहीतरी लिहिलं. माझ्या फोनवर आलं. १००.

मग तिने पेल्यातले उरलेले घोट प्यायले. पाणी संपलं. आता नियमाप्रमाणे पाकीट तिचं होतं, आणि ते होतंही तिच्याच हातात. ती उठली, सिगारेटी नीट बसवल्या, झाकण दाबलं. सुरळीचा कागद टेबलावर माझ्यासमोर ठेवला, हे तुमचं, म्हणाली. आणि पाकीट माझ्याकडे दिलं.

"हे राहू दे इथेच. एकोणीस आहेत, माझ्या लक्षात आहे."

दारात चपला घालताना तिने आणखी एक सांगितलं, उद्यापासून आकडा सहाच्या आत यायला हवा. आता ती पुढे आहे, आणि मागचे येतायत की नाही हे बघत बसायला तिला वेळ नसतो, पाण्यात उतरायचं असतं. मग ती जिना उतरली. तीन मजले तिची पावलं ऐकू आली. कुठे थांबली नाहीत.

फोन वाजत होता, कंपाउंडर असणार. मी उचलला नाही. पाकीट डब्यामागे ठेवून परत आलो तर बायको टेबलाशी उभी होती आणि तिने चष्मा लावून तो कागद हातात घेतला होता. सिगारेटचं तिला ठाऊक होतं. ब्रेकचं नव्हतं. तिने कागद दोनदा वाचला, खालची सही बघितली, माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, बस, सांगतो. ती लगेच बसली नाही. आधी आत गेली, एक पेला पाणी भरून आणलं, माझ्यापुढे ठेवलं आणि मग समोर बसली.